रोगी न पाहणारे वैद्यक

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नेहमीप्रमाणे आम्ही सगळी भावंडे आजोळी जमलो होतो. फराळाचे डबे भरले जात होते, आणि नेमका धनत्रयोदशीच्या दिवशी आजीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. त्यात पोटॅशियमसमोर ६.४ हा आकडा होता, पुढे वर जाणारा एक बाण आणि शेजारी बारीक अक्षरांत 'सामान्य मर्यादा ३.५ ते ५.१'. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात एवढे मामांना कुठूनसे ठाऊक होते. आणि नेमके एवढेच ठाऊक असणे फार वाईट. अर्ध्या तासात जिल्ह्याच्या गावी जायला गाडी ठरली. आजी मात्र शांतपणे सोऱ्या फिरवीत चकल्या पाडत होती.

माझी मावसबहीण त्या वेळी इंग्लंडहून आलेली होती. तिने रिपोर्ट हातात घेतला आणि आजीकडे न पाहता मामांना विचारले, "रक्त कधी काढले? नळी कुठे ठेवली होती? लॅबमध्ये कधी पोचली?" प्रश्न ऐकून मामा वैतागले. पण उत्तर असे निघाले की, गावातल्या मुलाने शनिवारी संध्याकाळी रक्त काढले, रविवारी शहरातली लॅब बंद, म्हणून नळी रात्रभर आणि दुसरा दिवसभर फ्रीजमध्ये राहिली आणि सोमवारी सकाळच्या एस.टी.ने गेली. ताई म्हणाली, "गाडी रद्द करू नका. ईसीजी काढूनच घ्या. पण तिथे पोचल्यावर रक्त पुन्हा द्या आणि तासाभरात तपासायला सांगा." ईसीजी स्वच्छ निघाला. नव्या रक्तातले पोटॅशियम ४.४ भरले. संध्याकाळी सगळ्यांनी ताईला त्रिकालज्ञानी ठरवले, तेव्हा ती हसून म्हणाली, "अहो, हा दुसऱ्या वर्षाच्या पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न आहे."

कसला पेपर, कुठल्या पदवीचा? तिची पदवी 'बायोमेडिकल सायन्स'ची. हे नाव आम्ही घरात चार-पाच वर्षे ऐकत होतो आणि ती 'डॉक्टरकीच्या खालचे काहीतरी' शिकते, असे एकमेकांना सांगत होतो. मी कलाशाखेचा विद्यार्थी; विज्ञानाशी माझे नाते दहावीच्या परीक्षेला संपले. तरी त्या दिवाळीत मी ताईला आठ दिवस प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि जे कळले ते आपल्या अंकात लिहावेसे वाटले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बारावीला बसलेले एखादे धाकटे भावंड असेल आणि त्याच्यासाठी अशा नावांच्या पदव्यांची माहितीपत्रके घरात येत असतील.

आधी त्या पोटॅशियमचे पाहू, कारण या पदवीचे मर्म त्यात आले आहे. आपल्या शरीरातले बहुतेक सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात ते लिटरला सुमारे ४ मिलिमोल, तर पेशीच्या आत १४०-१५० च्या घरात. एवढा मोठा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात बसवलेले पंप अहोरात्र सोडियम बाहेर फेकत आणि पोटॅशियम आत ओढत असतात. त्यांना शक्ती लागते आणि ऊबही लागते. रक्ताची नळी थंडीत ठेवली की पंप मंदावतात आणि तांबड्या पेशींतले पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपू लागते. म्हणजे दूध टिकवणारा फ्रीज ही तपासणी मात्र नासवतो. सोमवारी यंत्राने मोजले ते बरोबरच मोजले. ६.४ हा आकडा खोटा नव्हता. तो त्या नळीतल्या रक्ताविषयी खरा होता. आजीविषयी खोटा होता.

हे ऐकल्यावर मला आमच्या वर्गातली पाठचिकित्सा आठवली. हस्तलिखितात एखादा चमत्कारिक शब्द आला तर तो कवीचा की लेखनिकाच्या हातचा, हे आपण आधी विचारतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच प्रश्नाच्या आधारे. ताईचे काम त्याच जातीचे आहे. रिपोर्टमधला विचित्र आकडा रोग्याचा की वाटेतल्या कोणाचा, हे तिला ठरवायचे असते; फरक इतकाच की तिच्या हातात त्यासाठी कधीकधी दहा मिनिटे असतात.

अशा अपपाठांचा दुसरा एक प्रकार तिने सांगितला. रक्त काढताना वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या नळ्या वापरतात हे आपण पाहिले असेल. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाच्या द्रव्याचे पोटॅशियमयुक्त लवण असते. एखादी घाईतली परिचारिका चुकून त्या नळीतले थोडे रक्त दुसऱ्या नळीत ओतते. मग रिपोर्टमध्ये पोटॅशियम भयंकर चढलेले दिसते. आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवत असल्याने कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झालेले दिसते. या दोन आकड्यांचा माणूस जिवंत असणे कठीण. तो वॉर्डात बसून चहा पीत असेल तर चूक नळीची. हे यंत्र ओळखत नाही असे नाही, अलीकडची यंत्रे इशारे देतात. पण इशाऱ्याचे काय करायचे हे माणसालाच कळावे लागते. तो माणूस घडवण्यासाठी ही पदवी आहे.

या व्यवसायाचा इतिहासही त्याच्या नावांच्या इतिहासात वाचता येतो. इंग्लंडात १९१२ साली आल्बर्ट नॉर्मन यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळांतल्या नोकरवर्गाची एक संघटना निघाली. तिच्या लांबलचक नावात 'असिस्टंट्स' असा शब्द होता. बाटल्या धुणारे, काचपट्ट्या तयार करणारे, डॉक्टरांच्या हाताखालचे लोक ते. पुढे 'असिस्टंट' जाऊन 'टेक्नॉलॉजी' आली, मग 'सायन्सेस' आले, आणि १९९४ मध्ये त्याच संस्थेचे नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स' झाले. बाटली धुणाऱ्याचा शास्त्रज्ञ व्हायला ऐंशीएक वर्षे लागली. आज तिथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही पदवी नव्हे तर कायद्याने राखून ठेवलेला हुद्दा आहे. 'हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल' या मंडळाच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणी स्वतःला तसे म्हणवून घेतले तर तो गुन्हा ठरतो. 'पदवी नव्हे' हे मी मुद्दाम लिहिले. ताईचे सारे दुखणे तिथेच होते. त्याकडे पुढे येतो.

अभ्यासक्रम इंग्लंडात तीन वर्षांचा. मधले एक वर्ष रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढले तर चार वर्षांचा. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी मुळातच चार वर्षांची असते. प्रवेशाला बारावीच्या तोडीच्या परीक्षेत जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र, बहुधा दोन्ही, चांगल्या गुणांनी हवेत. तिथल्या रहिवाशांना फी २०१७ पासून वर्षाला ९,२५० पौंड होती, २०२५ पासून ९,५३५ झाली. बहुतेक विद्यार्थी ती सरकारी कर्जातून भरतात. बाहेरून येणाऱ्यांना याहून पुष्कळ जास्त पडते. मावशी आणि तिचे यजमान ताई आठवीत असताना तिकडे स्थायिक झाले, म्हणून तिला रहिवाशांची फी लागली. तिला खरे म्हणजे डॉक्टर व्हायचे होते. मुलाखतीपर्यंत पोचूनही जागा मिळाली नाही. वर्गात तिच्यासारखे बरेच जण होते. पहिले तीन महिने सगळे खाली मान घालून बसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा वैद्यकीयला प्रयत्न करण्याच्या गोष्टी करायचे, असे ती सांगते.

पहिल्या वर्षी पेशीविज्ञान, जीवरसायन, शरीरक्रिया, आनुवंशिकी आणि संख्याशास्त्र. कागदावर हे सगळे भव्य दिसते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात त्यांना पाणी उचलायला शिकवले! मायक्रोपिपेट नावाचे, जाड पेनासारखे एक उपकरण असते; अंगठ्याने दाबले की ठरलेले थेंबभर द्रव उचलते. १०० मायक्रोलिटर पाणी, म्हणजे एक मिलिलिटरचा दहावा भाग, दहा वेळा उचलायचे आणि प्रत्येक वेळी नाजूक तराजूवर टाकून वजन करायचे. १०० मायक्रोलिटर पाण्याचे वजन १०० मिलिग्रॅम भरले पाहिजे. ताईची पहिली दहा वजने ९२ पासून १०७ पर्यंत भटकली. शेजारच्या मुलाची सगळी ९५-९६ होती. ताईला वाटले आपली सरासरी शंभराच्या जवळ, म्हणजे आपण बऱ्या. शिक्षकांनी उलटे सांगितले. तो मुलगा प्रत्येक वेळी सारखाच चुकतो; त्याच्या चुकीचे कारण शोधता येईल, कदाचित पिपेटच बिघडले असेल. तुझी चूक दर वेळी नवी आहे, ती दुरुस्त कशी करणार? दोन महिने ती पाणी उचलत राहिली. आमच्या आजीला हे फार पटले. तिच्या मते पुरणपोळी लाटतानाही हेच असते.

दुसऱ्या वर्षी वैद्यकाच्या शाखा सुरू होतात: रक्तविज्ञान, रोगजंतूंचे शास्त्र, प्रतिकारशक्तीचे शास्त्र, वैद्यकीय जीवरसायन आणि ऊतींचा अभ्यास. शेवटचा विषय मला सर्वांत मोहक वाटला, कारण तो जवळजवळ हस्तकला आहे. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून स्थिर करायचा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातले पाणी काढायचे, मग पॅराफिन मेणात बसवायचे. मेणाच्या त्या ठोकळ्याचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर काप काढायचे, तीन-चार मायक्रोमीटर जाडीचे. केसाच्या जाडीचे वीस पापुद्रे केले तर त्यातला एक एवढा होईल. सलग काढलेले काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत कोमट पाण्यावर अलगद तरंगत सोडायची आणि काचपट्टीवर झेलायची. मोठा श्वास सोडला तरी फीत उडते. ताई म्हणते, पहिल्या दिवशी वर्गात कोणी बोलत नव्हते, कारण बोलले की शेजाऱ्याचा काप जायचा.

एवढे करून काचपट्टीवर काहीच दिसत नाही, कारण ऊती रंगहीन. रंग द्यावा लागतो. यातला मुख्य रंग हिमॅटॉक्सिलिन, आणि तो निघतो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून. आपल्याकडे पतंगाच्या लाकडापासून रंग काढीत त्यातलाच प्रकार. दोन्ही झाडांतली रंगद्रव्येही नात्यातली आहेत. युरोपात कापड रंगवण्यासाठी हे लाकूड जहाजे भरभरून नेत. तो रंग पेशींच्या केंद्रकांना निळा-जांभळा करतो, दुसरा इओसिन नावाचा रंग बाकीचे सारे गुलाबी करतो. आजही जगभर कर्करोगाचे निदान मुख्यत्वे या जांभळ्या-गुलाबी चित्रावरून होते. ते चित्र वाचून निदान लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट हा डॉक्टर असतो; पण चित्र वाचण्याजोगे निघाले नाही तर त्याला वाचायला काही नाही.

आता मुंबईची गोष्ट. दुसऱ्याच वर्षी रक्तगटांच्या तासाला शिक्षकांनी फळ्यावर 'बॉम्बे' असा शब्द लिहिला आणि सगळा वर्ग ताईकडे वळून पाहू लागला. तिला वाटले आपल्याला काही विचारताहेत. विचारत नव्हते; शिकवत होते.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांच्या रक्तातले गट दाखवून दिले, हे बहुतेकांना माहीत असते. ए गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर 'ए' नावाची खूण, बी गटाच्या पेशींवर 'बी', एबीवर दोन्ही आणि ओवर एकही नाही, असे आपण शिकतो. पण ए आणि बी या खुणा हवेत लटकत नाहीत. त्यांच्याखाली 'एच' नावाची साखरेच्या रेणूंची एक पायाभूत खूण असते. तिच्यावर आणखी एक साखर चढली की ए किंवा बी होते. आपल्या लिपीत मूळ अक्षरावर मात्रा चढते तसे. ओ गटात मात्रा नाही, नुसते अक्षर. मुंबईतल्या वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया या संशोधकांनी इंग्लंडातल्या संशोधकांसह १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा माणसांची नोंद प्रसिद्ध केली की, ज्यांच्या पेशींवर मूळ अक्षरही नव्हते. हाच तो 'बॉम्बे' रक्तगट. १९९५ मध्ये शहराचे नाव बदलले. रक्तगटाचे जुनेच राहिले.

यात धोका कुठे? अशा माणसाचे रक्त नेहमीच्या चाचणीत ए दाखवत नाही, बी दाखवत नाही, म्हणून ते ओ वाटते. त्याला ओ रक्त चढवले तर अनर्थ होतो, कारण त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे असतात आणि ओ गटाच्या पेशी तर एचने भरलेल्या. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. असे लोक भारतात सुमारे दहा हजारांत एक, युरोपात सुमारे दहा लाखांत एक. म्हणूनच चाचणी दोन्ही बाजूंनी करायची असते: पेशींवर काय आहे ते पाहायचे, आणि रक्तद्रव ए, बी व ओ पेशींशी कसा वागतो तेही पाहायचे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर थांबायचे. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी सांगितली ती मला कादंबरीच्या तोडीची वाटली. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बीची आनुवंशिक सूचना असू शकते, फक्त ती दिसत नाही; मुलात मात्र ती प्रकट होऊ शकते. म्हणजे 'ओ' समजल्या गेलेल्या आईवडिलांच्या पोटी ए गटाचे मूल जन्मू शकते. शाळेच्या पुस्तकातला तक्ता पाहून संशय घेणारा नवरा अशा घरात काय करील याची कल्पना करा. त्या घराची अब्रू प्रयोगशाळेत चाचणी पूर्ण करणाऱ्या कोणा अनामिकाच्या हाती असते.

रक्त चढवण्याच्या बाबतीत दुर्मीळ गटापेक्षा साध्या अदलाबदलीचे भय जास्त. नळी चांगली, रक्त चांगले, पण नळीवर नाव शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचे! म्हणून तिथे पूर्वीची नोंद नसलेल्या रोग्याचा गट एका नमुन्यावरून पक्का मानत नाहीत. वेगळ्या वेळी काढलेला दुसरा नमुना मागवतात. वॉर्डातले लोक फोनवर चिडतात. ताई म्हणते, चिडू द्यावे.

तिसऱ्या वर्षातली एक गोष्ट कलाशाखेच्या माणसालाही पेन्सिल घेऊन पाहण्यासारखी आहे. रिपोर्टमध्ये छापलेली 'सामान्य मर्यादा' ठरते कशी? निरोगी माणसांचे मोजमाप घ्यायचे आणि त्यातली मधली ९५ टक्के ज्या दोन आकड्यांच्या मध्ये येतात ते आकडे छापायचे. म्हणजे व्याख्येनेच, दर वीस निरोगी माणसांपैकी एक 'असामान्य' ठरतो. हल्ली जाहिरात करून वीस-पंचवीस चाचण्यांचे एकत्र पॅकेज विकतात. वीस चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र धरल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. त्या बाणाने घाबरून तो आणखी चाचण्या करतो.

'पॉझिटिव्ह' या शब्दाचेही तसेच. करोनाच्या वर्षांत हा शब्द गल्लीबोळात पोचला, पण त्याचा हिशेब पोचला नाही. समजा, एखादा रोग हजारांत एकाला आहे. चाचणी इतकी चांगली की शंभर रोग्यांपैकी ९९ पकडते, आणि शंभर निरोग्यांपैकी फक्त पाचांना चुकून पकडते. एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली. रोगी शंभर, त्यातले ९९ पकडले. निरोगी ९९,९००, त्यातले ४,९९५ उगीच पकडले. एकूण 'पॉझिटिव्ह' ५,०९४ आणि त्यांत खरे रोगी ९९, म्हणजे शंभरांत दोन. चाचणी तीच, पण ज्यांना लक्षणे आहेत अशांनाच केली तर हिशेब पार बदलतो. ताईच्या वर्गाला हे गणित इतक्या वेळा करायला लावले की, वर्तमानपत्रातली प्रत्येक बातमी वाचताना 'किती जणांतले?' असे विचारायची सवय लागली. मला वाटते आपल्या राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतही हा एक तास ठेवायला हरकत नाही. प्राध्यापक महोदयांनी मनावर घ्यावे.

यंत्रे आणि आकडे यांच्याखेरीज कायद्याचाही अभ्यास असतो. लिव्हरपूलच्या एका बालरुग्णालयात मृत बालकांचे अवयव पालकांना न सांगता ठेवून घेतले गेल्याचे चौकशीअंती २००१ मध्ये जाहीर झाले आणि देश हादरला. त्यातून २००४ चा मानवी ऊतींविषयीचा कायदा आला. काचेच्या बरणीतली वस्तू कोणाची, तिच्यासाठी संमती कोणी दिली, हे प्रयोगशाळेतल्या मुलामुलींना आता पदवीच्या परीक्षेत लिहावे लागते. ताई म्हणते, तो पेपर लिहीपर्यंत तिच्या लेखी नमुना म्हणजे नमुना होता.

आता तिचे दुखणे. ती ज्या विद्यापीठात शिकली तिथे दोन अभ्यासक्रम होते. एकाचे नाव 'बायोमेडिकल सायन्स', दुसऱ्याचे 'बायोमेडिकल सायन्सेस'. एकवचन आणि अनेकवचन! पहिल्याला मघाशी सांगितलेल्या संस्थेची मान्यता होती, दुसऱ्याला नव्हती. तो संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी होता. सगळीकडे हा फरक वचनावरूनच ओळखता येतो असे नाही, पण अनेक ठिकाणी तो असा असतो. ताईने अनेकवचन घेतले. तिथे गुण थोडे कमी लागत होते का, प्रवेशाच्या घाईत नजर चुकली का, हे तिला आता आठवत नाही. माहितीपत्रकात 'रुग्णालयांतही संधी' असे मोघम वाक्य होते आणि विचारल्याशिवाय कोणी काही सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयात प्रशिक्षणासाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आले की, आपली पदवी मान्य यादीत नाही. व्याकरणाचे महत्त्व मला शिक्षकांनी पुष्कळ सांगितले आहे. असे कोणी पटवून दिले नव्हते.

मग तिने काय केले? पदवी पूर्ण केली, चांगल्या वर्गात केली. नंतर संस्थेकडे पैसे भरून पदवीचे मूल्यमापन करून घेतले. तुमचे रक्तविज्ञान आणि वैद्यकीय जीवरसायन पुरेसे नाही, एवढे विषय पुन्हा करा, असे पत्र आले. ते विषय तिने नोकरी सांभाळून केले. नोकरी कुठली, तर त्याच प्रयोगशाळेत 'असिस्टंट'ची: आलेल्या नळ्यांवरची नावे अर्जाशी जुळवणे, यंत्रात फिरवणे, रॅकमध्ये लावणे. १९१२ साली ज्या पायरीवरून तो व्यवसाय सुरू झाला त्याच पायरीवर ती पदवी घेऊन उभी राहिली. पुढे प्रशिक्षणाची जागा मिळाली आणि नोंदणीची फाईल सुरू झाली. ही फाईल म्हणजे सुमारे वर्षभराचा पुरावा असतो. चूक सापडली तेव्हा काय केलेस, रोग्याची गुप्तता कशी राखलीस, यंत्राची रोजची तपासणी कशी केलीस, सगळे कागदावर. शेवटी बाहेरचा परीक्षक येतो. तो आधी फाईल वाचतो आणि मग म्हणतो, मला तुझी प्रयोगशाळा फिरून दाखव. ताईने दाखवली. पदवीनंतर अडीच वर्षांनी तिचे नाव नोंदवहीत आले. मान्य पदवी असती तर यातला बराच काळ वाचला असता. मधल्या काळात मावशीने फोनवर कोणालाच काही सांगितले नव्हते.

आपल्याकडचे काय, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बायोमेडिकल सायन्सची ऑनर्स पदवी आहे. तिचा कल संशोधनाकडे आहे, औषधशास्त्र, विषशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र असे विषय तिच्यात आहेत. महाराष्ट्रात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायचे तर मार्ग निराळा: वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, म्हणजे ज्याला सगळे डी.एम.एल.टी. म्हणतात ती, किंवा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल तंत्रज्ञानातली पदवी. केंद्राने २०२१ मध्ये या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. तेव्हा नाव ऐकून भुलण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: ही पदवी कोणाच्या मान्य यादीत आहे, ती घेऊन मला प्रत्यक्ष कुठल्या टेबलावर बसता येईल, आणि अभ्यासक्रमात रुग्णालयातले काम किती महिने आहे. यातून डॉक्टर होता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगून टाकावे.

ताई आता रक्तपेढीच्या विभागात रात्रपाळीही करते. मी तिला विचारले, ज्यांचे रक्त तू जुळवतेस त्यांच्यापैकी कोणाला कधी पाहिले आहेस का? ती म्हणाली, एकदाच. अपघातातल्या एका माणसासाठी पहाटेपर्यंत एकामागून एक पिशव्या दिल्या होत्या. काही आठवड्यांनी रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये एका परिचारिकेने चाकाच्या खुर्चीतल्या गृहस्थाचे नाव घेऊन हाक मारली आणि ते नाव ताईने लेबलवर इतक्या वेळा वाचले होते की तिने चमकून पाहिले. काही बोलली नाही. बोलायची परवानगी नसते. तिसऱ्या मजल्यावर ते उतरले आणि ती चौथ्यावर.

आजी शेजारणींना सांगते, आमची नात विलायतेत रक्त तपासते. आणि हल्ली गावातला मुलगा रक्त न्यायला आला की विचारते, "बाबा, आज लॅब उघडी आहे ना?"